बुद्ध चर्चमध्ये कसे पोहोचले?

आमच्या बुलढाण्याच्या कॉलनीत एक निवृत्त नर्स राहतात. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात, मीही तेच म्हणतो. घराणं मराठी ख्रिस्ती. त्यांची आजी १८९९-१९०० च्या दुष्काळात आई-बाप गमावून खामगावच्या मिशन अनाथालयात आली आणि तिथेच वाढली. त्या काळात वऱ्हाडात, अकोला-खामगाव पट्ट्यात, अमेरिकन मिशनऱ्यांचं काम होतं. दुष्काळात उघड्यावर पडलेली मुलं त्यांनी सांभाळली. ‘आमच्या घराला धर्म भाकरीच्या रूपानं मिळाला,’ असं सिस्टर अभिमानानं सांगतात.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा राजूर घाटात अपघातात गेला. मयतीला आम्ही सगळे होतो. त्यानंतर महिनाभर लोक भेटायला येत राहिले. प्रत्येकाकडे काही ना काही उत्तर होतं. कोणी म्हणालं, ही देवाची योजना आहे. कोणी म्हणालं, देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याचीच परीक्षा घेतो. आमच्यातले लोकही मागे नव्हते. ‘सब्र करा, अल्लाहची मर्जी,’ असं म्हणून आम्हीही चहा पिऊन परत आलो.

शेजारचे सर मात्र काही बोलले नाहीत. सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, बौद्ध. रोज संध्याकाळी यायचे, ओट्यावर बसायचे आणि दिवा लागल्यावर उठायचे. बऱ्याच दिवसांनी त्यांनी सिस्टरांना किसा गौतमीची गोष्ट सांगितली.

ही गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. श्रावस्तीतल्या किसा गौतमीचं लेकरू मरतं. ते कडेवर घेऊन ती दारोदार औषध मागत फिरते. बुद्ध तिला सांगतात, मूठभर मोहरी आण, पण अशा घरातून आण जिथे कधी कोणी मेलेलं नाही. मोहरी प्रत्येक घरात असते. मरण न पाहिलेलं घर मात्र तिला सापडत नाही. फिरता फिरता तिच्या लक्षात येतं की आपण ज्या दारात उभे आहोत, तिथेही कोणीतरी असंच रडलेलं आहे. ती लेकराला निरोप देते आणि बुद्धांकडे परत येते.

गेल्या डिसेंबरमध्ये सिस्टरांनी मला थांबवून विचारलं, “भाऊ, सरांनी ती गोष्ट सांगितली त्या रात्री मला पहिल्यांदा नीट झोप लागली. पण मी बाप्तिस्मा घेतलेली बाई. माझ्या मनाला येशूच्या नावानं नाही, बुद्धाच्या गोष्टीनं शांतता मिळाली. हे माझ्या देवाला चालेल का? सरांना विचारलं तर ते त्यांचंच खरं म्हणणार. आमच्या पाळकांना विचारलं तर ते आमचं. तुम्ही तिसरे. शिवाय इतिहास लिहिता.”

धर्माचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. इतिहास सांगता येतो, तो मी सांगितला. हा लेख म्हणजे तेच उत्तर, जरा सविस्तर लिहिलेलं.

सुरुवात आपल्या डोंगरापासूनच करू. बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलं आहे. त्याच रांगेत, आपल्यापासून तासा-दीड तासावर, अजिंठ्याची लेणी आहेत. त्यातली अनेक लेणी पाचव्या शतकात वाकाटकांच्या राजवटीत कोरली गेली. त्या वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आपल्या शेजारचं वाशीम. राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं सोळावं लेणं दान केलं. सतरावं लेणं त्या भागातल्या एका मांडलिक राजानं दिलं. तिथल्या शिलालेखात त्याच्या घरातलं दुःख नोंदलेलं आहे. रविसांब नावाचा त्याचा धाकटा भाऊ अकाली गेला. त्या मृत्यूतून राजाला सारं काही अनित्य असल्याची जाणीव झाली आणि त्यानं दानधर्म वाढवला. आज जगभरचे पर्यटक ज्या चित्रांसमोर उभे राहतात, त्यांच्यामागे भावाला रडणारा एक माणूस आहे. दुःख पाहायचं, त्याला नाव द्यायचं आणि त्यातून दुसऱ्यासाठी काहीतरी करायचं, ही बौद्ध विचाराची रीत आपल्याच डोंगरात दगडावर लिहिलेली आहे.

आता हा विचार चर्चमध्ये कसा गेला ते पाहू. ही वाट बगदादवरून जाते.

मध्य आशियात बल्ख शहराजवळ ‘नवबहार’ नावाचं मोठं बौद्ध केंद्र होतं. नवबहार म्हणजे नवविहार. या विहाराच्या प्रमुखाला ‘बरमक’ म्हणत. त्या घराण्यानं पुढे इस्लाम स्वीकारला आणि आठव्या शतकात हेच बरमकी अब्बासी खलिफांचे वजीर झाले. ‘अलिफ लैला’मध्ये हारून रशीदसोबत वेष बदलून फिरणारा जाफर बरमकी याच घरातला. बरमकींच्या काळात भारतीय वैद्यक, गणित आणि कथा अरबीत आल्या. जाफरचे वडील याह्या बरमकी यांनी हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पती आणि इथल्या धर्मांची माहिती आणायला माणूस पाठवला होता, असं इब्न अल-नदीम यांनी दहाव्या शतकात आपल्या ‘फिहरिस्त’ या ग्रंथसूचीत नोंदवलं आहे.

त्याच सूचीत ‘किताब बिलौहर व बुदासफ’ या पुस्तकाचं नाव आहे. बुदासफ म्हणजे बोधिसत्त्व. एक राजा आपल्या मुलाला जगातलं दुःख दिसू नये म्हणून महालात ठेवतो. मुलगा एके दिवशी बाहेर पडतो, त्याला आजार, म्हातारपण आणि मरण दिसतं आणि त्याचं सुखातलं मन उडतं. मग बिलौहर नावाचा साधू त्याला भेटतो आणि दृष्टांत सांगत सांगत शहाणं करतो. ही सिद्धार्थ गौतमाचीच कथा. बरमकींच्या आश्रयाला असलेल्या अबान अल-लाहिकी या कवीनं ती अरबी पद्यात आणली. दहाव्या शतकात शेख सदूक या शिया विद्वानानं ती आपल्या ग्रंथात घेतली. म्हणजे मुसलमान विद्वान हजार वर्षांपूर्वी बुद्धाची कथा वाचत होते, लिहीत होते आणि त्यामुळे आपला ईमान धोक्यात येतो असं त्यांना वाटत नव्हतं.

पुढची गंमत उर्दू शाळेत शिकलेल्यांना लगेच कळेल. अरबीत शब्दाच्या सुरुवातीला ‘बे’ आणि ‘ये’ ही अक्षरं सारखीच दिसतात. फरक फक्त खालच्या नुक्त्यांचा. ‘बे’ला एक, ‘ये’ला दोन. कुठल्यातरी नकलनवीसाच्या हातून एका नुक्त्याचे दोन झाले आणि बुदासफचा ‘युदासफ’ झाला. हे पुस्तक जॉर्जियातल्या ख्रिस्ती साधूंकडे गेलं तेव्हा नाव झालं ‘इओदासफ’. त्यांनी कथेचा नायक ख्रिस्ती केला. जॉर्जियन भाषेतून ती अकराव्या शतकाच्या सुमारास ग्रीकमध्ये गेली, तिथे नाव झालं ‘इओआसफ’. ग्रीकमधून लॅटिनमध्ये गेली आणि राजपुत्र ‘जोसाफत’ झाला, त्याचा गुरू बिलौहर झाला ‘बार्लाम’. लॅटिनमधून ही कथा युरोपच्या जवळजवळ प्रत्येक भाषेत गेली. लोकांना ती इतकी आवडली की रोमन कॅथलिक चर्चच्या संतांच्या यादीत २७ नोव्हेंबर हा दिवस बार्लाम आणि जोसाफत यांच्या नावानं लागला. व्हेनिसच्या प्रमुखानं १५७१ मध्ये पोर्तुगालच्या राजाला संत जोसाफतचं म्हणून एक हाडही भेट दिलं.

थोडक्यात, कपिलवस्तूचा राजपुत्र कित्येक शतकं चर्चमध्ये संत म्हणून पूजला गेला, आणि तिथपर्यंत त्याला नेणाऱ्या वाटेवर मुसलमानांचा हात होता.

या कथेचे धागे महाराष्ट्रातही आहेत. दिओगो दो कूतो हा पोर्तुगीज इतिहासकार गोव्यात राहत होता. तिथल्या पोर्तुगीज दप्तरखान्याचा तो प्रमुख होता आणि १६१६ मध्ये गोव्यातच वारला. त्यानं मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांबद्दल लिहिताना साष्टीतल्या लोकांकडून ऐकलेली आख्यायिका नोंदवली. एका राजानं आपल्या मुलाला जगाच्या दुःखापासून दूर ठेवण्यासाठी हे काम करून घेतलं, असं लोक सांगत. कूतोला लगेच संत जोसाफत आठवला. बुद्धाच्या आणि जोसाफतच्या कथेतलं साम्य त्यानं १६१२ मध्ये छापलेल्या ग्रंथात मांडलं. त्याचा अंदाज मात्र उलटा होता. हिंदुस्थानातले लोक बुद्धाच्या नावानं जोसाफतलाच मानत असावेत, असं त्याला वाटलं. खरा क्रम युरोपातल्या विद्वानांनी १८५९-६० च्या सुमारास लावला. कान्हेरीतल्या एका लेण्यात तेव्हा फ्रान्सिस्कन साधूंनी चर्च थाटलेलं होतं, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

दुसरा धागा आपल्या छापखान्यांचा. ‘बिलौहर व बुदासफ’चं अरबी पुस्तक १३०६ हिजरीत, म्हणजे १८८८-८९ मध्ये, मुंबईत शिळाछापावर छापलं गेलं. या अरबी कथेचा अभ्यास करणाऱ्या पाश्चात्त्य विद्वानांना पुढे हीच मुंबईची प्रत उपयोगी पडली. बुद्धाची कथा हजार वर्षं जग फिरून अरबी वेषात पुन्हा महाराष्ट्रात आली आणि आपल्यापैकी फार थोड्यांना ते कळलं.

इतकं ऐकून सिस्टर म्हणाल्या, “म्हणजे आमच्या लोकांनी आधीच घेतलं होतं की!”

घेतलं होतं, पण अर्धं. इथे जरा थांबून पाहायला हवं.

जोसाफतच्या कथेत दुःखाचं दर्शन आहे. राजपुत्र महारोगी पाहतो, आंधळा पाहतो, म्हातारा पाहतो. त्यानंतर कथेचा सगळा जोर जग सोडण्यावर आहे. तो गरिबांना धन वाटतो, राज्य सोडतो आणि रानात गुरूजवळ तपश्चर्या करत मरतो. मध्ययुगातल्या मठांना हेच हवं होतं. जग फसवं आहे, त्याच्यापासून लांब जा.

बुद्धांची गोष्ट रानात संपत नाही. बोधी मिळाल्यावर ते परत माणसांत येतात आणि पंचेचाळीस वर्षं गावोगाव फिरतात. शरीराचे हाल करणारी तपश्चर्या त्यांनी स्वतः करून पाहिली आणि सोडून दिली. त्यांच्या शिकवणीत दुःख पाहण्याला जेवढी जागा आहे, तेवढीच मैत्री आणि करुणेला आहे. आई आपल्या एकुलत्या एक लेकराला जीव देऊन जपते, तसं मन सगळ्या जिवांबद्दल ठेवावं, असं मेत्तसुत्त सांगतं. ही दुसरी अर्धी बाजू बगदाद ते रोमच्या प्रवासात मागे राहिली. किसा गौतमी त्या पुस्तकातून रोमला पोहोचली नाही. सिस्टरांना जी गोष्ट उपयोगी पडली ती हीच मागे राहिलेली होती.

मग आज एखाद्या ख्रिस्ती माणसानं ती घेतली तर त्याच्या श्रद्धेत कशाची भर पडेल? मला दोन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट बाणाच्या दृष्टांताची. मालुंक्यपुत्त नावाचा भिक्खू बुद्धांना विचारतो, जग शाश्वत आहे की अशाश्वत, अंत आहे की नाही. बुद्ध म्हणतात, विषारी बाण लागलेला माणूस बाण कोणी मारला, त्याची जात कोणती, धनुष्य कशाचं होतं, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही म्हणाला तर तो मरेल. आधी बाण काढा. सिस्टरांच्या घरी येणारे आम्ही सगळे बाण कोणी मारला ते समजावत होतो. बायबलमध्ये ईयोबाची कथा आहे. आपण त्यांना हजरत अय्यूब म्हणतो. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात, तोवर ते बरोबर असतात. तोंड उघडून दुःखाची कारणं सांगू लागतात तेव्हा चुकतात आणि शेवटी देवच त्यांना रागावतो. येशूही लाजराच्या कबरीजवळ आधी रडतात. ही शिकवण ख्रिस्ती धर्मात आहेच, पण पुष्कळदा उपदेशाखाली दबून जाते. बुद्धांचा बाण ती पुन्हा वर काढतो.

दुसरी गोष्ट आजारी भिक्खूची. एक भिक्खू अतिसारानं स्वतःच्या घाणीत पडलेला होता. तो कोणाच्या उपयोगाचा नाही म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हतं. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून अंथरुणावर ठेवलं. मग इतरांना म्हणाले, तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही. तुम्ही एकमेकांना पाहिलं नाही तर कोण पाहणार? ज्याला माझी सेवा करायची आहे त्यानं आजाऱ्याची करावी.

आता मत्तयाच्या शुभवर्तमानातला निवाड्याचा प्रसंग आठवा. मी आजारी होतो, तुम्ही मला भेटायला आलात, असं तिथे प्रभू म्हणतो; आणि मग उलगडा करतो की सर्वांत लहान माणसासाठी केलं ते माझ्यासाठीच केलं. आपल्याकडे सहीह मुस्लिममध्ये हदीसे कुदसी आहे. कयामतच्या दिवशी अल्लाह विचारेल, आदमच्या लेकरा, मी आजारी होतो, तू आला नाहीस. माणूस म्हणेल, तू तर साऱ्या जगाचा रब, तू कसा आजारी पडशील? उत्तर येईल, माझा अमुक बंदा आजारी होता, त्याच्याकडे गेला असतास तर मी तिथे भेटलो असतो.

तिन्ही ठिकाणी आजाऱ्याचीच खाट आहे. म्हणून तिन्ही धर्म एकच, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं सोपं असतं आणि खोटंही. ख्रिस्ती आणि मुसलमान माणूस आजाऱ्याकडे जातो तेव्हा तिथे त्याला रब भेटण्याची आशा असते. बुद्ध निर्मात्याबद्दल बोलत नाहीत. त्यांचं कारण एवढंच की दुसरं कोणी नाही. आम्हा देव मानणाऱ्यांना हे कारण ऐकण्याची गरज आहे. आम्ही ‘देव पाहून घेईल’ म्हणून उठून जातो. तिथे बुद्धांचा प्रश्न उभा राहतो, तुम्ही नाही तर कोण?

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाला एकदा समोरासमोर विचारला गेला आहे. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती लोकांच्या सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. धर्मांतराची घोषणा करून दोन वर्षं झाली होती, निर्णय व्हायचा होता. धर्मांच्या अभ्यासात आपल्याला दोनच व्यक्तिमत्त्वांनी ओढून घेतलं, एक बुद्ध आणि दुसरे ख्रिस्त, असं त्यांनी तिथे सांगितलं. त्याच भाषणात त्यांनी ख्रिस्ती समाजाला सुनावलंही, की समाज म्हणून तुम्ही सामाजिक अन्यायाविरुद्ध कधी लढला नाहीत. पुढे १९५६ मध्ये नागपुरात त्यांनी बुद्धांचा मार्ग घेतला. आमच्या जिल्ह्यातही गावंच्या गावं त्या वाटेनं गेली, सरांचे वडील त्यांतलेच. बाबासाहेबांची तक्रार येशूबद्दल नव्हती, येशूचं नाव घेऊन दुःखाची व्यवस्था तशीच राहू देणाऱ्यांबद्दल होती. दुःखाला कारण असतं आणि ते कारण दूर करता येतं, हा बुद्धविचाराचा भाग त्यांनी समाजाला लावला. चर्चला भर घालायची असेल तर ती इथेही आहे.

आणि हे आपल्यालाही लागू आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांचा लहानगा मुलगा इब्राहिम वारला तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते. सोबत्यांना आश्चर्य वाटलं, तेव्हा ही रहमत आहे, असं त्यांनी सांगितलं. आपण मात्र मयतीच्या घरी रडणाऱ्याला पहिलं वाक्य ऐकवतो, ‘रडू नका.’ सब्र हा शब्द दुःखी माणसानं स्वतःसाठी वापरायचा असतो. आपण तो दुसऱ्याचं तोंड बंद करायला वापरतो. एका बुद्धकथेला नुक्त्यासह जपून रोमपर्यंत पोहोचवणाऱ्या लोकांचे आपण वारस आहोत. त्यातलं थोडं आपल्या ओट्यापर्यंत पोहोचलं असतं तर बरं झालं असतं.

सैलानी बाबांच्या यात्रेला आमच्या जिल्ह्यात लाखो लोक येतात. मनानं आजारी झालेल्या माणसांना घेऊन येतात. त्यात हिंदू असतात, बौद्ध असतात, मुसलमान असतात. तिथे कोणी कोणाला विचारत नाही की हे दुःख कुठल्या धर्माचं. दुःखाच्या बाबतीत आपल्या लोकांना हे नेहमीच ठाऊक होतं. दिलाशाच्या बाबतीत मात्र आपण पावती मागतो.

सिस्टरांना मी शेवटी एवढंच म्हणालो, “तुमच्या देवाला काय चालतं ते मी सांगू शकत नाही. पण तुमच्या चर्चनं बुद्धाला संत म्हणून शेकडो वर्षं मान दिला आणि त्यात येशूचं काही कमी झालं नाही. तुम्ही तर फक्त एक गोष्ट ऐकली.”

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “मोहरीचा दाणा तर प्रभूनंही सांगितलाय. विश्वास मोहरीएवढा असला तरी पुरे, म्हणून.”

मी म्हणालो, “कुरआनमध्येही आहे. मोहरीच्या दाण्याएवढं काही असलं तरी अल्लाह ते हिशेबात आणतो.”

जानेवारीत कॉलनीतल्या एका बोहरी कुटुंबात तरणा मुलगा गेला. मी पोहोचलो तेव्हा सिस्टर तिथे आधीच आलेल्या होत्या. मुलाच्या आईचा हात हातात घेऊन बसल्या होत्या. शेजारी सर होते. मी सवयीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी खाली सतरंजीवर बसलो.